विद्यार्थी भगतसिंग

इंग्रजी धाटणीची टोपी, कोवळी मिशी आणि समोरच्याच्या डोळ्यांत थेट पाहणारी नजर असे एका तरुणाचे छायाचित्र भारतातील असंख्य शाळांच्या भिंतींवर लागलेले दिसते. ते एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीतील एका छायाचित्रकाराकडे काढलेले आहे. त्यानंतर काही दिवसांतच या तरुणाने मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकला आणि पुढे दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आतच तो फासावर गेला. लोकस्मृतीत भगतसिंग यांची जी प्रतिमा ठसली, ती पिस्तूल, बॉम्ब आणि फासाचा दोर यांनी घडविलेली आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. त्या टोपीखालचा तरुण हा प्रथमपासून अखेरपर्यंत विद्यार्थी होता, आणि विद्यार्थ्याने देशाच्या राजकारणात भाग घ्यावा काय, या प्रश्नाचा जितका कसून विचार त्याने केला, तितका त्याच्या वयाच्या फार थोड्यांनी केला असेल. हा प्रश्न आजही प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. म्हणून त्याचे चरित्र या बाजूने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

भगतसिंगांचा जन्म सप्टेंबर १९०७ मध्ये तत्कालीन लायलपूर जिल्ह्यातील बंगा या गावी झाला. हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. घराणे शेतकऱ्यांचे, मूळचे जालंधरकडील खटकड कलां गावचे. आजोबा अर्जुनसिंग यांच्यावर आर्यसमाजाचा संस्कार होता. जन्माच्या वर्षीच पंजाबात शेतसारा व कालव्यांचे पाणी यांसंबंधीच्या जाचक कायद्यांविरुद्ध शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन पेटले होते आणि त्याचे नेतृत्व करणारे अजितसिंग हे भगतसिंगांचे सख्खे काका होते. सरकारने लाला लजपतराय यांच्याबरोबर त्यांना मंडालेस हद्दपार केले. सुटकेनंतर १९०९ मध्ये अजितसिंग देश सोडून गेले, ते जवळजवळ चार दशके परतले नाहीत. दुसरे काका स्वर्णसिंग तुरुंगवासाने खंगून ऐन तारुण्यात १९१० मध्ये वारले. वडील किशनसिंग यांनीही कारावास भोगला होता.

अशा घरात राजकारण हा वर्तमानपत्रातून कळणारा विषय नव्हता. ते रोजच्या जेवणाच्या पानाशी येऊन बसलेले होते. एक काकू, हरनाम कौर, परदेशी गेलेल्या पतीच्या पत्राची वाट पाहत दिवस काढीत होत्या. दुसऱ्या काकू, हुकम कौर, अकाली वैधव्य सोसत होत्या. देशकार्याची किंमत काय असते आणि ती घरातील कोणाला मोजावी लागते, हे या मुलाने वाचायला शिकण्यापूर्वीच पाहिले होते. त्यागाच्या कथा दुरून ऐकून भारावलेल्या मुलांपैकी ते नव्हते, ही गोष्ट त्यांच्या पुढील निर्णयांचे मोल ठरविताना ध्यानात ठेवली पाहिजे.

प्राथमिक शिक्षण गावी पूर्ण करून ते लाहोरच्या डी. ए. व्ही. शाळेत दाखल झाले. नोव्हेंबर १९१५ मध्ये गदर पक्षाचे कर्तारसिंग सराभा यांना लाहोर येथे फाशी झाली. त्या वेळी ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांचे छायाचित्र भगतसिंग पुढे सदैव जवळ बाळगीत. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत हत्याकांड झाले, तेव्हा भगतसिंग बारा वर्षांचेही नव्हते. शाळेच्या वाटेवरून परस्पर अमृतसरला जाऊन त्यांनी तेथील रक्ताने भिजलेली माती घरी आणली, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली आणि सरकारमान्य शाळांवर बहिष्कार टाकण्यास सांगितले. १९२१ मध्ये भगतसिंगांनी शाळा सोडली. घरातून या निर्णयाला आडकाठी झाली नाही.

येथवरची कथा त्या काळच्या हजारो मुलांची आहे. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथील प्रकारानंतर आंदोलन मागे घेतले गेले आणि शाळा सोडलेली असंख्य मुले अधांतरी राहिली. कित्येक परतली, कित्येकांचे शिक्षण कायमचे सुटले. भगतसिंगांचे वेगळेपण असे, की त्यांनी शाळा सोडली, परंतु शिक्षण सोडले नाही. लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने लाहोरमध्ये असहकारी विद्यार्थ्यांसाठी नॅशनल कॉलेज स्थापन झाले होते, तेथे त्यांनी प्रवेश मिळविला. प्राचार्य छबिलदास आणि इतिहासाचे अध्यापक जयचंद्र विद्यालंकार यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. सुखदेव, भगवतीचरण व्होरा, यशपाल हे सहाध्यायी भेटले. ऐतिहासिक नाटकांत ते हौसेने भूमिका करीत, गात आणि मित्रांत मनमुराद हसत. परंतु त्यांचे खरे घर म्हणजे लाहोरचे द्वारकादास ग्रंथालय. आयर्लंड, इटली आणि रशिया येथील स्वातंत्र्याचे व क्रांतीचे इतिहास त्यांनी तेथे झपाटल्यासारखे वाचून काढले.

याच काळात पंजाब हिंदी साहित्य संमेलनाने घेतलेल्या निबंधस्पर्धेत त्यांनी पंजाबची भाषा आणि लिपी या विषयावर निबंध लिहिला व पारितोषिक मिळविले. समाजाचे उत्थान त्याच्या साहित्यावाचून होत नाही, आणि भाषेचा व लिपीचा वाद धर्माशी जोडला गेला की भाषेचीच हानी होते, असे त्या निबंधाचे सूत्र होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने देशाच्या प्रश्नाला हात घातला तो असा, लेखणीने आणि भाषेच्या अंगाने.

यानंतर घराशी पहिला संघर्ष उभा राहिला. आजीच्या आग्रहामुळे किशनसिंगांनी मुलाचे लग्न ठरविण्याचा विचार केला. भगतसिंगांना ते मान्य नव्हते. आपले आयुष्य देशासाठी वाहिलेले आहे, अशा अर्थाची चिठ्ठी मागे ठेवून ते घरातून निघून गेले आणि कानपूरला पोहोचले. तेथे गणेशशंकर विद्यार्थी यांच्या प्रताप या पत्रात बलवंत या टोपणनावाने त्यांनी काम केले. सचिंद्रनाथ संन्याल आदींनी उभारलेल्या हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन या क्रांतिकारी संघटनेशी त्यांचा संबंध तेथेच आला. अलिगड जिल्ह्यातील शादीपूर या खेड्यात एका राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक म्हणूनही त्यांनी काही काळ काम पाहिले, ही त्यांच्या चरित्रातील सहसा न सांगितली जाणारी गोष्ट आहे. आजी आजारी असल्याचे कळल्यावर आणि लग्नाचा विषय पुन्हा निघणार नाही अशी हमी मिळाल्यावर ते परतले.

मार्च १९२६ मध्ये लाहोर येथे नौजवान भारत सभा स्थापन झाली. भगतसिंग तिचे चिटणीस झाले. ही सभा गुप्त नव्हती. व्याख्याने भरविणे, हुतात्म्यांची चरित्रे लोकांपुढे मांडणे, शेतकरी व कामगार यांच्यात जाणे, असा तिचा उघड कार्यक्रम होता. जमातवादी संस्थांशी संबंध न ठेवणे हा तिचा कटाक्ष होता. निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या तरुणांनी एका पंक्तीत बसून जेवावे, असे प्रसंग ती मुद्दाम घडवून आणी. दंगलींनी पोळलेल्या त्या काळातील पंजाबात ही साधी गोष्ट नव्हती.

मे १९२७ मध्ये त्यांना पहिली अटक झाली. आदल्या वर्षी लाहोरात दसऱ्याच्या जत्रेत झालेल्या बॉम्बस्फोटाशी त्यांचा संबंध असल्याचा संशय पोलिसांनी घेतला. सुमारे महिनाभराच्या कोठडीनंतर साठ हजार रुपयांच्या जामिनावर त्यांची सुटका झाली. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती आणि ती भरण्याची हमी इतरांनी आपल्या डोक्यावर घेतली होती. त्यांना तोशीस लागू नये म्हणून भगतसिंग काही काळ जपून राहिले. मुलगा मार्गी लागावा म्हणून किशनसिंगांनी लाहोरजवळ दूधदुभत्याचा व्यवसाय काढून दिला. स्वतः तुरुंग पाहिलेल्या या पित्याची ती धडपड कोणत्याही आईबापाला समजण्यासारखी आहे. गोठ्याचे काम मुलाने काही दिवस पाहिलेही. पण मन तेथे रमले नाही.

१९२८ मध्ये अमृतसरच्या किर्ती मासिकात त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. जातीय दंगली, अस्पृश्यता आणि विद्यार्थ्यांचे राजकारण हे त्यांतील तीन विषय. त्यांपैकी विद्यार्थी व राजकारण या विषयावरचा लेख जुलैच्या अंकात आला. विद्यार्थ्यांनी राजकारणात भाग घेऊ नये, असा उपदेश त्या वेळी पंजाबात वरिष्ठ स्थानांवरून केला जात होता आणि काही महाविद्यालयांत प्रवेशापूर्वी तसे लिहून घेतले जात होते. भगतसिंगांनी या भूमिकेतील विसंगती उघड केली. विद्यार्थ्यांचे मुख्य कर्तव्य अध्ययन हेच आहे, हे त्यांनी आरंभीच मान्य केले. पण देशाच्या परिस्थितीचे ज्ञान आणि ती सुधारण्याचे उपाय शोधण्याची पात्रता ज्या शिक्षणातून येत नाही, ते केवळ कारकून घडविणारे शिक्षण होय, असे त्यांचे म्हणणे होते. महायुद्धात इंग्लंडचे विद्यार्थी महाविद्यालये सोडून रणांगणावर गेले, तेव्हा ते राजकारण नव्हते काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्यांचा निष्कर्ष असा, की विद्यार्थ्याने अभ्यास करावा, त्याबरोबर राजकारणाचेही ज्ञान मिळवावे आणि देशाला गरज पडेल तेव्हा त्यात उतरावे. या मांडणीत क्रम महत्त्वाचा आहे : आधी ज्ञान, मग कृती.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र घटनांनी विचारापेक्षा वेगाने धाव घेतली. सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत क्रांतिकारकांची बैठक झाली आणि संघटनेच्या नावात समाजवादी या शब्दाची भर पडली. ३० ऑक्टोबर रोजी लाहोरात सायमन कमिशनविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठीमार केला. त्यात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबर रोजी निधन पावले. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १७ डिसेंबरला, भगतसिंग व राजगुरू यांनी साँडर्स या तरुण पोलीस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. हेतू होता लाठीमाराचा हुकूम देणारे अधीक्षक स्कॉट यांना मारण्याचा, ओळख चुकली. पाठलाग करणारा चननसिंग हा हिंदी हवालदारही चंद्रशेखर आझाद यांच्या गोळीने मरण पावला. या दोन मृत्यूंचे वास्तव गाळून भगतसिंगांचे चरित्र सांगणे हा त्यांच्यावरच अन्याय ठरेल, कारण त्यांनी स्वतः पुढे या मार्गाचा फेरविचार केला. संघटनेने काढलेल्या पत्रकातही मनुष्याचे रक्त सांडावे लागल्याबद्दल खेद व्यक्त झाला होता.

त्यांचे या कृत्यातील साथीदार शिवराम हरी राजगुरू हे पुणे जिल्ह्यातील खेडचे. संस्कृत शिकण्यासाठी काशीला गेलेला हा मराठी मुलगा तेथेच क्रांतिकारकांच्या संपर्कात आला. पंजाबचा शीख शेतकऱ्याचा मुलगा आणि काशीत शिकणारा महाराष्ट्रीय ब्राह्मणाचा मुलगा एका कार्यात एकत्र आले, ते प्रांत, धर्म व भाषा यांच्या सीमा ओलांडून. आज खेड गाव राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते.

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात दोन बॉम्ब टाकले. कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणारे विधेयक आणि सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली सरकारला मोकाट अधिकार देऊ पाहणारे विधेयक यांचा निषेध, हा त्यांचा हेतू होता. बॉम्ब मोकळ्या जागी टाकलेले व सौम्य शक्तीचे होते. कोणाचा प्राण गेला नाही. पळून जाणे शक्य असताना दोघे तेथेच थांबले आणि अटक करवून घेतली. न्यायालय हेच त्यांना व्यासपीठ करावयाचे होते. १२ जून रोजी दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली आणि त्यानंतर साँडर्स प्रकरणाचा खटला लाहोर येथे सुरू झाला.

तुरुंगात राजबंद्यांना माणसासारखी वागणूक मिळावी, वाचनासाठी पुस्तके व वर्तमानपत्रे मिळावीत, या मागण्यांसाठी त्यांनी उपोषण आरंभिले. १३ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचे सहकारी जतींद्रनाथ दास उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी मरण पावले. भगतसिंगांचे उपोषण ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत चालले. सक्तीने अन्न भरविण्याच्या यातना त्यांनी सोसल्या. उपोषणाच्या मागण्यांत पुस्तकांचा समावेश होता, ही गोष्ट या विद्यार्थ्याला साजेशीच होती. सप्टेंबर महिन्यात तुरुंगाधिकाऱ्यांकडून त्यांना चारशे चार पानांची एक कोरी वही मिळाली. अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, तत्त्वज्ञान आणि काव्य यांवरील ग्रंथांतील टिपणे त्यांनी तीत उतरवून घेतली. रूसो, मार्क्स, व्हिक्टर ह्यूगो, रवींद्रनाथ ठाकूर असे कितीतरी लेखक त्या वहीत शेजारी शेजारी आढळतात. जयदेव गुप्ता या बालमित्राला लिहिलेल्या पत्रांत ग्रंथालयातून कोणती पुस्तके पाठवावीत, याच्या याद्या असत.

या वाचनाचा परिणाम लवकरच प्रकट झाला. ऑक्टोबर १९२९ मध्ये लाहोरात सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली पंजाबच्या विद्यार्थ्यांची परिषद भरली. भगतसिंग व दत्त यांनी तिला तुरुंगातून संदेश पाठविला. तरुणांनी पिस्तुले व बॉम्ब हाती घ्यावेत असे आपण आज सांगू शकत नाही. त्यांच्यापुढे याहून मोठे काम आहे आणि ते म्हणजे कारखान्यांतील कामगारांच्या वस्त्यांत व खेड्यांतील झोपड्यांत स्वातंत्र्याचा विचार नेऊन पोहोचविणे, असे त्यात म्हटले होते. ज्यांच्या धाडसाची गाणी त्या वेळी घरोघर गायली जात होती, त्यांनीच तरुणांना अनुकरणापासून परावृत्त करून अधिक कष्टाच्या वाटेला लावावे, याला मोठे मनोधैर्य लागते.

१९३० मध्ये सरकारने वटहुकूम काढून खास न्यायाधिकरण नेमले. निकाल काय लागणार हे स्पष्ट दिसत होते. सप्टेंबरमध्ये किशनसिंगांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, की साँडर्सच्या वधाच्या वेळी आपला मुलगा लाहोरात नव्हता, तो कलकत्त्यास होता, आणि हे सिद्ध करण्याची संधी मिळावी. मुलाला त्यांनी विचारले नव्हते. भगतसिंगांना हे कळले तेव्हा त्यांनी ४ ऑक्टोबर रोजी वडिलांना जे पत्र लिहिले, ते वाचताना आजही मन गलबलते. पित्याच्या भावनांचा मान राखूनही आपल्या वतीने असे पाऊल उचलण्याचा त्यांना अधिकार नव्हता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. दुसऱ्या कोणी असे केले असते तर आपण त्यास विश्वासघात मानले असते. वडिलांच्या बाबतीत ती दुर्बलता, पण अत्यंत हीन प्रकारची दुर्बलता म्हणावी लागेल, असेही त्यांनी म्हटले आणि लोकांचा गैरसमज दूर व्हावा म्हणून हे पत्र प्रसिद्ध करण्याची विनंती केली.

या पत्रात कोणाची बाजू घ्यावी, हे ठरविणे सोपे नाही. एक भाऊ देशाबाहेर, एक भाऊ मृत, आणि आता मुलगा फासाच्या दाराशी : अशा पित्याने एक अर्ज केला, यात त्याला दोष कोण देईल? पण आपली कृती व तिचे परिणाम ही आपली स्वतःची जबाबदारी आहे, ती खोट्या सबबीने टाळणार नाही, असे म्हणणाऱ्या मुलाला तरी दोष कसा द्यावा? सत्याग्रहाचा मार्ग त्यांचा नव्हता. परंतु सत्याचा आग्रह त्यांचा होता. ७ ऑक्टोबर रोजी भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

फेब्रुवारी १९३१ मध्ये, मृत्यूची तारीख जवळ येत असताना, त्यांनी तरुण राजकीय कार्यकर्त्यांना उद्देशून एक दीर्घ लेख लिहिला. आपण दहशतवादी नाही, कदाचित आरंभीच्या काळाचा अपवाद सोडता कधी नव्हतो, आणि त्या मार्गाने काही साधणार नाही अशी आपली खात्री झाली आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले. क्रांती हे भावनेच्या भरात होणारे काम नसून त्यासाठी चिकाटी, संघटन, त्याग आणि सतत अध्ययन लागते, हा त्या लेखाचा गाभा आहे. वयाच्या तेविसाव्या वर्षी, फाशीच्या कोठडीत बसून, माणूस आपल्याच पूर्वायुष्याची चिकित्सा करतो आणि आपल्या मागून येणाऱ्यांना आपल्या चुका टाळण्यास सांगतो, हे दृश्य दुर्मीळ आहे.

३ मार्च रोजी कुटुंबीयांची अखेरची भेट झाली. धाकटा भाऊ कुलतार याचे डोळे भरून आले. त्या दिवशी भगतसिंगांनी त्याला पत्र लिहिले. त्याच्या अश्रूंनी आपल्याला दुःख झाल्याचे सांगून त्यांनी त्याला धीराने शिक्षण घेण्यास आणि प्रकृतीची काळजी घेण्यास बजावले. सूड घे, शस्त्र उचल, माझ्यामागून ये, असे काही त्या पत्रात नाही. शाळकरी वयाच्या भावाला त्यांनी शिकण्यास सांगितले.

२३ मार्च १९३१ रोजी सायंकाळी, नेमलेल्या वेळेच्या आदल्या दिवशीच, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात तिघांना फाशी देण्यात आली. लोकक्षोभाच्या भीतीने मृतदेह रातोरात सतलजच्या काठी, हुसेनीवाला गावाजवळ नेऊन जाळण्यात आले. बोलावणे आले तेव्हा भगतसिंग लेनिनविषयीचे पुस्तक वाचीत होते, असे सांगितले जाते. काका अजितसिंग १९४७ मध्ये मायदेशी परतले आणि १५ ऑगस्टच्या पहाटे, स्वातंत्र्य उजाडताना, डलहौसी येथे त्यांनी देह ठेवला. ज्या पुतण्याला त्यांनी केवळ तान्हा पाहिला होता, तो सोळा वर्षांपूर्वीच गेला होता.

तुरुंगातील ती वही कुटुंबीयांनी जपून ठेवली आणि पुढे अनेक दशकांनी ती छापून प्रसिद्ध झाली. तिच्यातील कित्येक पाने कोरीच राहिली आहेत. तरुणांनी राजकारणात उतरावे काय, या प्रश्नाला भगतसिंगांनी होय असे उत्तर दिले. परंतु त्या उत्तरासाठी काय वाचावे लागते, काय सोडावे लागते, कोणाची मने दुखावली जातात आणि स्वतःचीच चूक मान्य करण्याचे धैर्य किती लागते, हेही त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले. भिंतीवरील छायाचित्राला हार घालणे सोपे आहे. त्या वहीची कोरी पाने भरणे हे काम मात्र प्रत्येक पिढीच्या विद्यार्थ्यांकडे राहिले आहे.